हायडेलबर्गची निळी मखमल : रॅप, सोल आणि स्वतःची म्हणावी अशी भाषा

हायडेलबर्ग म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे नेकार नदी, तिच्यावरचा जुना पूल, टेकडीवरचा भग्न राजवाडा आणि १३८६ साली स्थापन झालेले विद्यापीठ उभे राहते. मार्च २०२३ मध्ये जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत या शहरातील एका परंपरेची नोंद झाली, तिचा मात्र राजवाड्याशी किंवा विद्यापीठाशी संबंध नव्हता. ती परंपरा होती हिप हॉप. भिंतीवरची चित्रे, रस्त्यावरचे नृत्य, तबकड्या फिरवणारे डीजे आणि तालावर शब्द फेकणारे रॅपर यांच्या या कलेने हायडेलबर्गमध्ये मूळ धरले आणि तेथून ती जर्मनीभर पसरली, असा त्या नोंदीचा आशय आहे.

या परंपरेचे एक शिखर म्हणजे टॉर्च या हायडेलबर्गच्या रॅपरचा २००० साली आलेला पहिला स्वतंत्र अल्बम, ‘ब्लाउअर झाम्ट’. मराठीत त्याचे नाव ‘निळी मखमल’ असे होईल. त्याच्या दोनच वर्षे आधी, हायडेलबर्गपासून अवघ्या वीस किलोमीटरवर असलेल्या मानहाइममधून झेविअर नायडू या गायकाचा पहिला अल्बम आला होता. एक रॅपकडून आला, दुसरा सोल गायकीकडून. दोघांचाही जन्म १९७१ चा आणि दोघांचीही कुटुंबे जर्मनीबाहेरची नाती घेऊन आलेली. हे दोन अल्बम शेजारी ठेवले म्हणजे एक प्रश्न स्पष्ट होतो : ज्याला समाज आपला मानायला कचरतो, तो त्या समाजाची भाषा स्वतःची कशी करतो? जर्मनीत मुले वाढवणाऱ्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न परका वाटणार नाही.

सोल आणि हिप हॉप यांचे नाते

सोल हा प्रकार अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून निघाला. प्रार्थनेतील आळवणी, आवाजाला दिलेली ओढ, गायकाने पुकारायचे आणि समुदायाने उत्तर द्यायचे ही पद्धत, हे सारे १९५० आणि १९६० च्या दशकांत लौकिक गाण्यात उतरले. देवाला घातलेली साद प्रियकराला, शेजाऱ्याला, कधी सरकारलाही घातली जाऊ लागली. वारकरी कीर्तनात वाढलेल्या कानाला ही रीत लगेच ओळखू येते.

हिप हॉप पुढच्या पिढीचे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, जमैकात जन्मलेल्या डीजे कूल हर्कने आपल्या बहिणीने ठेवलेल्या पार्टीत तबकड्या वाजवल्या. तो दिवस या कलेचा वाढदिवस मानला जातो. हर्कच्या लक्षात आले होते की गाण्यात जेथे बाकीची वाद्ये थांबतात आणि फक्त ड्रमचा ठेका उरतो, तेथे नाचणाऱ्यांना सर्वाधिक चेव येतो. हा तुकडा जेमतेम काही सेकंदांचा. तो लांबवण्यासाठी त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवल्या आणि एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू करायचा, असा क्रम लावला. त्या अखंड ठेक्यावर बोलणे म्हणजे रॅप. पुढे सॅम्पलर नावाचे यंत्र आले. जुन्या ध्वनिमुद्रणातील एखादा तुकडा त्यात साठवायचा, कापायचा आणि आवर्तनासारखा पुन्हापुन्हा वाजवायचा.

हे तुकडे बहुतेक वेळा सोल आणि फंक यांच्या तबकड्यांवरूनच घेतले जात. म्हणजे हिप हॉप आणि सोल यांचे मिश्रण ही नंतरची कल्पना नव्हे. आईवडिलांच्या कपाटातील सोलच्या तबकड्यांवर मुलांनी आपले शब्द चढवले आणि त्यातून हिप हॉप घडले. १९९० च्या दशकात हे नाते उघडपणे साजरे होऊ लागले. १९९२ मध्ये मेरी जे. ब्लाइज या गायिकेच्या पहिल्या अल्बमने हिप हॉपच्या ठेक्यावर सोल गायकी बसवली. १९९८ मध्ये लॉरिन हिलने आपल्या पहिल्या स्वतंत्र अल्बमात गाणे आणि रॅप दोन्ही एकाच कंठातून दिले, आणि त्या अल्बमाला पुढच्या वर्षी ग्रॅमीचा ‘वर्षातील सर्वोत्तम अल्बम’ हा मान मिळाला. हिप हॉपच्या वाट्याला तो प्रथमच आला होता.

गायचे आणि बोलायचे अशी दुहेरी रचना मराठीलाही नवी नाही. पोवाड्यात शाहीर कडवे गातो आणि मधेच गद्यात कथा पुढे नेतो. धनगरी ओवीत गायलेला भाग आणि त्यामागोमाग सांगितलेला भाग आलटून पालटून येतात. गाणे भाव धरून ठेवते, बोलणे घटना पुढे ढकलते. सोल आणि रॅप यांची कामे अशीच वाटलेली आहेत.

छावणीचे शहर

हे संगीत नेकारच्या काठी पोहोचले ते लष्करामार्फत. दुसऱ्या महायुद्धात हायडेलबर्ग जवळजवळ शाबूत राहिले. १९४५ मध्ये अमेरिकी सैन्य आले आणि पुढील अनेक दशके त्याच्या युरोपातील भूदलाचे मुख्यालय येथेच, कॅम्पबेल बॅरॅक्समध्ये होते. शहराच्या दक्षिणेला मार्क ट्वेन व्हिलेज आणि पॅट्रिक हेन्री व्हिलेज या सैनिकी वसाहती उभ्या राहिल्या. तेथे शाळा होत्या, दुकाने होती, क्लब होते आणि एएफएन हे सैन्यासाठीचे रेडिओ केंद्र होते. मानहाइममध्येही अशीच मोठी वसाहत होती.

या सैन्यात कृष्णवर्णीय सैनिक मोठ्या संख्येने होते. त्यांच्या सामानातून सोलच्या तबकड्या आल्या, क्लबमधून नाच आला आणि रेडिओवरून न्यूयॉर्कचे नवे संगीत आले. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘वाइल्ड स्टाइल’ आणि ‘बीट स्ट्रीट’ हे चित्रपट जर्मनीत गाजले आणि देशभरातील मुले फरशीवर पुठ्ठे अंथरून ब्रेकडान्स करू लागली. बहुतेक ठिकाणी ती लाट ओसरली. हायडेलबर्गमध्ये ती टिकली, कारण येथे मुलांना ही कला चित्रपटातूनच नव्हे, शेजारच्या रस्त्यावरूनही भेटत होती.

तोपर्यंत जर्मनीतील रॅपर इंग्रजीतच रॅप करीत. ठेका अमेरिकेचा, तर शब्दही अमेरिकेचे, असा समज होता. टॉर्च हा जर्मन भाषेत, तेही ऐनवेळी शब्द रचत, रॅप करणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी एक. त्याचे खरे नाव फ्रेडरिक हान. वडील जर्मन, आई हैतीची. १९८७ मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड केमिस्ट्री’ हा गट स्थापन झाला. टॉर्चबरोबर त्यात इटालियन वंशाचा टोनी एल होता आणि घानाशी नाते असलेला कोफी याक्पो होता. याक्पोने रॅपर म्हणून ‘लिंग्विस्ट’, म्हणजे भाषाशास्त्रज्ञ, असे नाव घेतले होते. पुढे तो खरोखरच भाषाशास्त्रज्ञ झाला आणि हाँगकाँग विद्यापीठात प्राध्यापक म्हणून क्रिओल भाषांचा अभ्यास करू लागला.

१९९२ : पारपत्र आणि परकेपणा

जर्मनीच्या एकीकरणानंतरचा काळ परदेशी दिसणाऱ्यांसाठी भीतीचा होता. सप्टेंबर १९९१ मध्ये होयर्सवेर्डा येथे आणि ऑगस्ट १९९२ मध्ये रोस्टॉकच्या लिश्टेनहागेन भागात आश्रितांच्या आणि व्हिएतनामी कामगारांच्या निवासांवर जमावाने हल्ले केले. जमलेले काही नागरिक टाळ्या वाजवत होते. २३ नोव्हेंबर १९९२ रोजी म्योल्न गावात लावलेल्या आगीत तुर्की वंशाच्या दोन मुली आणि एक स्त्री मृत्युमुखी पडल्या.

त्याच महिन्यात ‘अ‍ॅडव्हान्स्ड केमिस्ट्री’चे ‘फ्रेम्ट इम आयगेनेन लांट’ हे गाणे प्रसिद्ध झाले. शीर्षकाचा अर्थ, ‘स्वतःच्याच देशात परका’. गाण्यातील निवेदकाकडे जर्मन पारपत्र आहे, भाषा जर्मन आहे, जन्म येथला आहे; तरीही चेहरा पाहून त्याची ओळख ठरवली जाते. मायदेशी कधी परतणार, या प्रश्नाला त्याच्यापाशी हायडेलबर्गवाचून दुसरे उत्तर नाही.

हे गाणे इंग्रजीत असते तर त्याचा अर्थच उरला नसता. ज्या समाजाने ‘तू आमचा नव्हेस’ असे सुचवले, त्याच समाजाच्या भाषेत, तिची व्याकरणशुद्ध यमके जुळवत, तिघांनी उत्तर दिले. तक्रारीचा मजकूर जितका महत्त्वाचा, तितकीच तक्रारीची भाषाही. त्याच वर्षी श्टुटगार्टच्या ‘डी फांटास्टिशेन फीअर’ या गटाचे जर्मन रॅप गाणे विक्रीच्या याद्यांवर गाजत होते. ते हलकेफुलके, तरुणांच्या प्रेमप्रकरणाचे. जर्मन भाषेत रॅप होऊ शकतो हे त्या गाण्याने घराघरांत पोहोचवले. जर्मन रॅपमध्ये देशाशी वाद घालता येतो, हे हायडेलबर्गने दाखवले.

१९९८ आणि २००० : दोन पहिले अल्बम

वाद घालून झाल्यावर काय उरते? १९९८ मध्ये मानहाइमच्या झेविअर नायडूचा ‘निष्ट फॉन डीझर वेल्ट’, म्हणजे ‘या जगातला नव्हे’, हा अल्बम आला. नायडूचे कुटुंब दक्षिण आफ्रिकेतून आलेले. वडिलांच्या बाजूने त्याचे पूर्वज भारतीय, आणि आडनावातच तो प्रवास दिसतो. अल्बमाची निर्मिती फ्रांकफुर्टचा रॅपर मोझेस पेल्हाम याने केली. ठेका हिप हॉपचा, गायकी सोलची, भाषा जर्मन आणि भाव प्रार्थनेचा. जर्मन ही आज्ञा देण्याची किंवा तत्त्वज्ञान सांगण्याची भाषा आहे, तिच्यात सोल गाता येणार नाही, असे मानणाऱ्यांना या अल्बमाने उत्तर दिले. तो जर्मनीतील विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. नायडूच्या पुढच्या काळातील राजकीय विधानांवर मोठी टीका झाली आणि २०२२ मध्ये त्याने जाहीर माफी मागितली, हेही येथे नोंदवायला हवे. पण १९९८ च्या त्या अल्बमाने जर्मन गायकीत जी वाट पाडली, ती त्यामुळे पुसली जात नाही.

‘ब्लाउअर झाम्ट’ आला तेव्हा टॉर्चला या क्षेत्रात दशकाहून अधिक काळ झाला होता. पहिला स्वतंत्र अल्बम साधारणपणे उमेदवारीच्या उत्साहात निघतो. हा अनुभवी माणसाचा पहिला अल्बम आहे. त्याचा रंग शीर्षकांवरूनच कळतो. एका गाण्याचे नाव ‘मी शाळेत जायचो तेव्हा’, दुसऱ्याचे ‘आम्ही एके काळी तारे होतो’, तिसऱ्याचे ‘तुझ्या बाहूंत’. एका गाण्यात जग जळते आहे. १९९२ च्या गाण्यात आवाज देशाला उद्देशून होता. येथे तो बराचसा स्वतःकडे वळला आहे. त्यात बालपण आहे, प्रेम आहे, थकवा आहे आणि मागे पडलेल्या मित्रांची आठवण आहे.

या अल्बमात सोल वेगळे गाऊन दाखवलेले नाही. ते वृत्तीत आहे. निळा रंग आणि मखमलीचा स्पर्श यांतून जी मंद, रात्रीची, काहीशी उदास छटा सूचित होते, तीच सोलच्या संथ गाण्यांत ऐकू येते. नायडूने सोल जर्मनमध्ये गायले, टॉर्चने ते जर्मनमध्ये बोलून दाखवले. ज्या भाषेत माणूस आपल्या हक्कासाठी भांडतो ती त्याला यावीच लागते. ज्या भाषेत तो एकटा असताना हळवा होतो, ती मात्र खऱ्या अर्थाने त्याची असते. ‘ब्लाउअर झाम्ट’चे मोल या दुसऱ्या टप्प्यात आहे.

दोन वर्षांनी, २००२ मध्ये, जोय डेनालेन या बर्लिनमध्ये जन्मलेल्या, दक्षिण आफ्रिकी वडिलांच्या मुलीने ‘मामानी’ या पहिल्या अल्बमात हे दोन्ही प्रवाह एकत्र केले. श्टुटगार्टचा रॅपर माक्स हेर तिचा सहकारी होता. १९९८ ते २००२ या चार वर्षांत, हायडेलबर्ग, मानहाइम आणि श्टुटगार्ट या एकमेकांजवळच्या शहरांतील कलावंतांच्या हातून जर्मन सोल आणि जर्मन रॅप यांना प्रौढपण आले.

आद्रियानोसाठी

हे प्रवाह एकत्र येण्याचा सर्वांत गंभीर प्रसंग स्टुडिओबाहेर घडला. जून २००० मध्ये, ‘ब्लाउअर झाम्ट’च्याच वर्षी, देस्साऊ शहरातील एका बागेत आल्बेर्टो आद्रियानो या मोझांबिकहून आलेल्या गृहस्थाला नवनाझी तरुणांनी बेदम मारहाण केली. काही दिवसांतच त्यांचा मृत्यू झाला. जर्मनीतील कृष्णवर्णीय कलावंतांनी एकत्र येऊन ‘ब्रदर्स कीपर्स’ हा समूह उभा केला. त्यात आडे बांटूचा पुढाकार होता. २००१ मध्ये त्यांचे ‘आद्रियानो’ हे गाणे आले. रॅपरांच्या कडव्यांत टॉर्चचा आवाज होता आणि ध्रुवपद झेविअर नायडूने गायले होते.

रॅप आणि सोल एका गाण्यात का येतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही. कडव्यांत आरोप आहे, इशारा आहे, हकिगत आहे. ध्रुवपदात शोक आहे. केवळ आरोप केला तर ऐकणारा बचावाला उभा राहतो, केवळ शोक केला तर तो हळहळून पुढे जातो. दोन्ही एकत्र आले की त्याला थांबावे लागते.

कायदा बदलला, प्रश्न उरला

योगायोग असा, की २००० सालीच जर्मनीचा नागरिकत्वाचा कायदाही बदलला. १९१३ च्या कायद्यानुसार नागरिकत्व वंशाने मिळत असे. येथे जन्मलेल्या परदेशी आईवडिलांच्या मुलाला ते आपोआप मिळत नसे. १ जानेवारी २००० पासून, आईवडिलांपैकी एकाचे आठ वर्षांचे कायदेशीर वास्तव्य आणि कायम राहण्याचा हक्क असेल तर अशा मुलाला जन्मतः नागरिकत्व मिळू लागले. जून २०२४ पासून ही मुदत पाच वर्षांवर आली आणि जर्मनीने दुहेरी नागरिकत्वही मान्य केले. भारतीय कायदा ते मान्य करीत नाही, त्यामुळे मराठी कुटुंबांपुढे पारपत्राचा निर्णय आजही उभा राहतोच.

हायडेलबर्गच्या परिसरात हा निर्णय घेणारी भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत. शहराच्या दक्षिणेस जवळच असलेल्या वाल्डॉर्फमध्ये एसएपी या संगणक कंपनीचे मुख्यालय आहे आणि तेथे भारतीय अभियंते मोठ्या संख्येने काम करतात. त्यांची मुले जर्मन बालवाडीत जातात, आजीशी दूरध्वनीवर मराठीत बोलतात आणि भांडताना जर्मनवर येतात. या मुलांना ‘तू मूळचा कुठला?’ हा प्रश्न कधी ना कधी विचारला जाणारच. १९९२ च्या त्या गाण्याने हा प्रश्न जर्मन संगीतात आणला. पारपत्र मिळाल्याने तो संपत नाही, हेही त्याच गाण्याने सांगितले.

मराठीच्या बाजूने पाहता या शहराचे आणखी एक नाते आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत ग्युंथर सोन्थायमर हे अभ्यासक होते. खंडोबा, बिरोबा आणि म्हसकोबा या दैवतांचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. महाराष्ट्रात धनगरांबरोबर फिरून त्यांच्या ओव्या ध्वनिफितींवर उतरवून घेतल्या. ज्या वर्षी हायडेलबर्गच्या तीन तरुणांनी परकेपणाचे गाणे प्रसिद्ध केले, त्याच वर्षी, १९९२ मध्ये, सोन्थायमर यांचे निधन झाले. त्याही आधी, १८०५ ते १८०८ या काळात, आर्निम आणि ब्रेंटानो या दोन कवींचा ‘देस क्नाबेन वुंडरहॉर्न’ हा जर्मन लोकगीतांचा संग्रह याच शहरातून प्रसिद्ध झाला होता. छापील प्रतिष्ठा नसलेले, तोंडी चालत आलेले शब्द गंभीरपणे ऐकण्याची सवय हायडेलबर्गला जुनी आहे. हिप हॉपला वारसा म्हणण्याइतका मोकळेपणा या शहराने दाखवला, त्याला ही पार्श्वभूमीही आहे.

मराठीतही रॅप आता नवा राहिलेला नाही. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटातील एमसी मवाली मराठीत रॅप करतो. आरे वसाहतीतील आदिवासींच्या प्रश्नावर या गटाने वारली परंपरेतील प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन गाणे केले. तेथेही बोलणे शहरी तरुणाचे आणि गाणे जुन्या परंपरेचे, अशी वाटणी झाली. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलाला घरच्या भाषेत बोलते करायचे तर श्लोक आणि बडबडगीते जशी हवीत, तशीच ज्या मराठीत चिडता येते, टोमणा मारता येतो आणि दुःख सांगता येते, ती मराठीही त्याच्या कानावर पडायला हवी. टॉर्चच्या पिढीने जर्मन आपलीशी केली ती वर्गात मिळालेल्या गुणांमुळे नव्हे. तिच्यात भांडून आणि हळवे होऊन.

डिसेंबर २०१४ मध्ये युनेस्कोने हायडेलबर्गला साहित्यनगरी आणि मानहाइमला संगीतनगरी म्हणून मान्यता दिली. अमेरिकी सैन्य २०१३ मध्ये हायडेलबर्गमधून गेले. पॅट्रिक हेन्री व्हिलेजमध्ये पुढे नव्या आश्रितांची नोंदणी होऊ लागली, आणि कॅम्पबेल बॅरॅक्सच्या आवारात २०२२ पासून कार्ल्सटोरबानहोफ हे शहराचे सांस्कृतिक केंद्र आहे. सोलच्या पहिल्या तबकड्या जेथून शहरात उतरल्या, त्या छावणीच्या जागेवर आज संध्याकाळी मैफली होतात. हायडेलबर्ग पाहायला येणाऱ्या मराठी पाहुण्याला राजवाडा दाखवून झाल्यावर यजमानांनी तेथेही एक फेरी मारावी, आणि परतीच्या गाडीत ‘ब्लाउअर झाम्ट’ लावावा. शब्द कळले नाहीत तर मागच्या आसनावर बसलेली मुले अर्थ सांगतील.